विमानाच्या वेळचे पाढे

"विमान माझ्यासाठी थांबत नाही, मग मी त्याच्यासाठी का थांबू?" असं रझिया बागवान एकदा शिक्षकांच्या बैठकीत म्हणाल्या, आणि पुढची कित्येक वर्षं तशाच वागल्या.

येरवड्याच्या पुढं, विमानतळाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर त्यांची शाळा. त्या नोकरीला लागल्या तेव्हा दिवसभरात मोजकी विमानं जायची. मग शेजारच्या मोकळ्या माळावर काचेच्या इमारती उठल्या, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं-मुली कंपन्यांच्या बसमधून उतरू लागली, आणि आकाशाला उसंत राहिली नाही. विमान आलं की बाकीचे मास्तर खडू हातात धरून छताकडं बघत उभे राहायचे. रझियाबाईंनी वेगळी रीत काढली. लांबून घरघर सुरू झाली की त्या हात वर करायच्या आणि अख्खा चौथीचा वर्ग पाढ्यांना सुरुवात करायचा. बारा सक बहात्तर, बारा साती चौऱ्याऐंशी. विमान डोक्यावर येईल तसा पोरांचा आवाज चढायचा. पत्रा थरथरायचा तो कुणामुळं, हे कळायचं नाही.

या सगळ्यात बाईंचा आवाज कायमचा मोठा झाला. घरीही त्या तशाच बोलायच्या. नवरा करीम मार्केट यार्डात फळांचे लिलाव पुकारणारा. तो म्हणायचा, "अगं, माझा लिलाव सकाळीच संपतो. तुझा अजून चालू आहे."

एकदा शेजारच्या कंपनीनं शाळेला जुने संगणक देऊ केले, ते बघायला बाई चौथ्या मजल्यावर गेल्या. खिडकीजवळ उभ्या होत्या. समोरून विमान चढत गेलं, पोट दिसावं इतकं जवळून. आणि आवाज नाही. दुहेरी काचेच्या अलीकडं एक मुलगी कानाला यंत्र लावून कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलत होती. बाई बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. आपल्या पोरांना पाढे येतात, पण आपण त्यांना एकही गोष्ट सांगितलेली नाही, हे त्यांना तिथं उमगलं. पाढा ओरडून म्हणता येतो. गोष्ट ओरडून सांगता येत नाही.

पुढं विमानतळ वाढवायचं ठरलं. आवाजाचा नकाशा करायचा, आणि त्यावरच्या मोठ्या आवाजाच्या रेषेच्या आत येणाऱ्या शाळांना दुहेरी काचेच्या खिडक्या द्यायच्या, अशी परवानगीला अट होती. पर्यावरण विभागाचे माधव गोखले आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले आणि चौथीच्या वर्गात ठेवून गेले. बाईंनी त्या दिवशी रोजच्यासारखं शिकवलं. पाहुण्या यंत्रापुढं वर्ग कमी पडू नये, म्हणून पाढे जरा जोरातच घेतले.

पुढच्या आठवड्यात गोखले मुख्याध्यापक हिंमतरावांच्या खोलीत येऊन बसले.

"बाई, प्रत्येक विमानाच्या वेळी यंत्रात सतराचा पाढा आहे. खाली विमान असेलही. पण अहवालात नुसतं 'असेल' लिहून चालत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आवाज तुमचा आहे. विमानतळानं तुमच्यासाठी खिडक्या लावायच्या, की तुमच्यापासून विमानतळाला लावायच्या, एवढाच प्रश्न आहे."

हिंमतरावांना हसू आवरलं नाही. बाई हसल्या नाहीत. "पुन्हा मोजा," त्या म्हणाल्या.

"यंत्र एकदाच देतात."

"मग मी रोज येईन आपल्या कचेरीत. आणि याच आवाजात बोलेन."

गोखल्यांनी पावसाळ्यानंतरची तारीख दिली.

तोवर बाईंनी वर्गाला गप्प बसायला शिकवलं. हे सोपं नव्हतं. घरघर आली की पोरांची तोंडं आपोआप उघडायची. पाढा मनात म्हणायचा, ओठ मिटून. पहिल्या बाकावरची अर्शिया दोन्ही हातांनी तोंड दाबून धरायची. बाईंना तर आणखी जड गेलं. इतकी वर्षं ज्याला दाबून टाकलं त्याला डोक्यावरून मोकळं जाऊ द्यायचं, आणि आपण खाली मान घालून उभं राहायचं. पहिल्यांदाच त्यांना तो आवाज पूर्ण ऐकू आला. छातीत शिरून, फासळ्या हलवून, तो बाहेर निघून गेला. अशा आवाजात आपण पोरांना बसवलं, असं त्यांच्या मनात आलं. घरीही त्या हळू बोलू लागल्या. करीम घाबरला. "बरं नाही का? डॉक्टरकडं जायचं?"

ठरलेल्या दिवशी यंत्र आलं. आवाज टिपला जातोय हे सांगणारा त्यावरचा तांबडा दिवा शाळा सुटेपर्यंत पेटलेला राहणार होता. बाईंनी फळ्यावर गणितं लिहिली आणि बोटानं दाखवली. विमानं आली, गेली. वर्ग मिटलेल्या ओठांनी बसून राहिला.

दुपारी गोखले दारात येऊन उभे राहिले. त्याच वेळी एक विमान उठलं. त्यांनी काहीतरी म्हटलं, त्यांचे ओठ हलले, आणि ते त्यांनाच ऐकू आलं नाही. आवाज ओसरल्यावर ते वाकून यंत्राचे आकडे बघत राहिले.

"हं," ते पुटपुटले. "रेषा सरकवावी लागेल. शाळा सुटेपर्यंत असंच राहिलं, तर काचा लागतील."

बाईंनी मान हलवली.

गोखले जरा सैलावले. "आता एकच काळजी," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "काचा लागल्यावर एवढ्या मोठ्या आवाजाचं करणार काय, बाई? मार्केट यार्डात लिलाव पुकारायला देणार?"

सगळ्या वर्गाचे डोळे बाईंकडं वळले. आता काय होणार, हे पोरांना ठाऊक होतं. उत्तर बाईंच्या जिभेवर आलं होतं, भारी उत्तर होतं. त्यांनी तांबड्या दिव्याकडं पाहिलं. मग खडू फळ्याच्या कडेला ठेवला, हात पदराला पुसले, अर्शियाला पुढचं गणित बोटानं दाखवलं, आणि गोखल्यांच्या शेजारून, ओठ घट्ट मिटून, त्या व्हरांड्यात निघून गेल्या.