वीतभर उघडी फरशी

भगवंतराव काकांना फसवणं सोपं नाही, असं उंद्रीत सगळे म्हणतात. मी गोविंदा, त्यांचा सख्खा पुतण्या. मी म्हणतो, त्यांच्याबरोबर खरेदीला जाणं त्याहून अवघड. चार दुकानं पालथी घातल्याशिवाय हा माणूस साधी छत्री घेत नाही. त्यात आमचं गाव असं की एका हाताला चिखली, दुसऱ्या हाताला खामगाव. चिखलीत भाव ऐकला की काकांना खामगाव आठवतं आणि खामगावला पोचलो की शेगाव. गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि मागे बसून "हळू चालव बे" एवढं काकांचं.

कंजूष म्हणाल तर तसं नाही. देवळाच्या कामाला, कोणाच्या आजारपणाला हात सैल. पण फसायचं नाही. याचं मूळ त्यांच्या लग्नात आहे. गीताबाई काकूंसाठी शालू त्यांनी स्वतः पसंत केला होता, तोही पहिल्याच दुकानातून. पहिल्या धुण्यात त्याचा रंग गेला आणि भावकीत वर्षभर हसू झालं. तेव्हापासून काका पहिल्या दुकानातून काही घेत नाहीत. काकूंना त्या शालूचं काहीच वाटलं नव्हतं. पण त्यांना विचारलं कोणी?

काकूंना हवा होता गालिचा. खामगावला त्यांची आतेबहीण कोकिळा राहते. तिच्या बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा होता. काकू त्यावर मांडी घालून बसल्या आणि निघायची वेळ झाली तरी उठेनात. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "गोविंदा, आईच्या मांडीवर बसल्यावानी वाटलं रे."

आमच्याकडे बायका खालीच बसतात. बाज आणि खुर्च्या पुरुषांच्या, शहाबादी फरशी बायकांची. त्याच फरशीवर बसून काकूंनी धान्य निवडलं, मुलाला, प्रेमला, पाजलं, आल्यागेल्याची विचारपूस केली. संक्रांतीचं हळदीकुंकू एकदा आपल्या घरी गालिच्यावर व्हावं, बायकांच्या गोलात आपणही मांडी ठोकून निवांत बसावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

काका नाही म्हणाले नाहीत. तेच तर दुखणं. नाही म्हटलं असतं तर बाई एक दिवस रडून मोकळी झाली असती. काका म्हणाले, "घेऊ न. पह्यले भाव तं काढू."

आणि भाव काढणं सुरू झालं. खामगावचा दुकानदार फुटाचा भाव कमी सांगायचा, पण त्याचा रोल बारा फूट रुंद आणि आमची बैठक दहा. उरलेली पट्टी कापून तुमच्याच हातात देणार, पैसे मात्र सगळ्याचे. "जे माह्या घरात बसत नाई त्याचे पैसे मी काऊन देऊ?" म्हणून काका तणतणत बाहेर पडले. चिखलीवाला पट्टीचे पैसे धरत नव्हता, पण त्याच्याकडे खालचा फोम वेगळा आणि चिकटवायची मजुरी वेगळी. शेगावात लॉजच्या खोल्यांना गालिचे घालणारा एक जण भेटला. त्याचा फोम फुकट, मजुरीही फुकट, पण माल असा की काकांनी बोटानं दाबून विचारलं, "हा गालिचा हाये का पापड?" प्रेमनं पुण्याहून मोबाईलवर सगळ्यांत स्वस्त दाखवला. तो घरपोच येणार होता, पण अंथरायला कोणी येणार नव्हतं.

प्रत्येक दुकानासाठी नवं माप. एकाला फुटात हवं, एकाला मीटरमध्ये, एकाला दाराची चौकट धरून. काकांचा स्वतःच्या जुन्या मापावरही भरवसा नव्हता. ते टेपची डबी घेऊन दाराशी उभे राहायचे, आणि टेपचं टोक धरून काकू समोरच्या भिंतीशी उकिडव्या. पहिल्या मापाला काकू टोक सोडून टुणकन उठल्या होत्या आणि चहा ठेवायला पळाल्या होत्या. पुढच्या वर्षी उठताना त्यांनी भिंतीला हात लावला. मग एका खेपेला म्हणाल्या, "गोविंदा, हात दे बापू." गुडघ्यांना आधी तेल आलं, मग पट्टे आले. काका आकडे वाचत होते.

मला राग यायचा. एकदा बोललोच, "काका, आता कोणताही घ्या. काकूचे गुडघे पाहा जरा." ते म्हणाले, "घाईत घेतलं का फसते माणूस. तिच्यासाठी आणलेलं पुन्हा खराब निंगालं तं मले चालणार नाई." माणूस नुसताच कोडगा असता तर भांडलो असतो.

गेल्या दिवाळीनंतर पुन्हा टेप निघाली. काका दारातून म्हणाले, "घट्ट धर व." काकूंना खाली बसवेना. त्यांनी उभ्यानंच, भिंतीच्या वीतभर अलीकडे, टेपचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं. काकांनी आकडा वाचला, टेप ओढली, आणि टोक निसटून सर्रकन त्यांच्या बोटाला लागलं. चिडून त्यांनी मान वर केली. काकू एका पायावर भार देऊन भिंतीला धरून उभ्या होत्या आणि रडत होत्या. मला वाटतं, कित्येक वर्षांत काकांनी त्यांच्याकडे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

बुलडाण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, आता जमिनीवर बसणं बंद. मांडी नाही, उकिडवं नाही, खुर्चीच. ऑपरेशन केलं तरी तेच. परत येताना एसटीत काकू एवढंच म्हणाल्या, "मंग आता गालिचा राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात उभे. "चाल, चिखलीले." स्टँडजवळच्या पहिल्याच दुकानात शिरले, एका मरून गालिच्यावर हात ठेवला आणि सांगितला तो भाव कबूल केला. दुकानदारच गडबडला. काकांना तो चांगला ओळखत होता. "दुसरीकडं पाह्यलं का, भगवंतराव?"

"लय पाह्यलं," काका म्हणाले.

माप त्यांनी डोक्यातलंच सांगितलं, त्या शेवटच्या वेळचं. गालिचा चिकटवून झाला तेव्हा समोरच्या भिंतीकडेला वीतभर फरशी उघडी राहिली, बरोबर जिथे काकू टोक धरून बसायच्या तिथे. जोड देतो, असं कारागीर म्हणाला. काका म्हणाले, राहू दे.

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. मी आणि काका ओसरीत होतो, दारातून दिसत होतं. बायका चपला काढून आल्या, गोल करून बसल्या, गालिच्यावरून हात फिरवत एकमेकींना दाखवू लागल्या. गोलाच्या बाहेर, भिंतीजवळ, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काकू. शेजारची रुख्मिणी म्हणाली, "काय व गीताबाई, राणीवानी बसली!" सगळ्या हसल्या, काकूही हसल्या. पण खालची कुजबुज वर पोचत नव्हती. "काय म्हणते ती?" असं काकूंनी एकदोनदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं.

बायका गेल्या. मी सामान आत ठेवायला गेलो तेव्हा काकू खुर्चीतच होत्या, पाय गालिच्यावर टेकवून खाली बघत. काका आत आले, सवयीनं बाजेकडे निघाले आणि थांबले. मग टोपी काढून काकूंच्या खुर्चीजवळ, भिंतीकडेला, खाली बसले.

काकू दचकल्या. "अहो, वर बसा न. कोणी पाह्यलं तं?"

"पाहू दे."

मग काकूंनी हळूच विचारलं, "कसं वाटते खाली?" त्यांच्या आवाजात इतकी आस होती की मला तिथे उभं राहवेना, मी दाराआड झालो. फटीतून दिसलं, काकांनी हात टेकला तो त्या उघड्या फरशीवर पडला. चटकन उचलला, पुन्हा ठेवला आणि तसाच ठेवून राहिले.

"फरशी लय गार हाये व," ते म्हणाले.

"हाव," काकू म्हणाल्या. "पह्यल्यापासूनच हाये."