पिक खाली की वर?
तापलेल्या ॲम्प्लिफायरचा जळकट वास आला की कुंभकोणममधली ती दुपार आठवते. संध्याकाळी दारासुरमच्या लग्नात आमचा वाद्यवृंद वाजवणार होता आणि इलेक्ट्रिक गिटारचा एक वेगवान तुकडा मला काही केल्या जमत नव्हता. तार छेडायची चिमुकली पट्टी, म्हणजे पिक, एकदा खाली, एकदा वर, असं नेमानं चालवूनही तार बदलताना हात अडकायचाच. वीणा वाजवणारी माझी थोरली बहीण शेवटी वैतागली. “अय्यो, खालच्याच तारेवर जायचंय, तर मधेच वर कशाला येतोस?” “तसा नियम आहे, अक्का.” “कुणाचा?” मी तुकडा पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतला. लग्नात तो तुकडा सुरळीत वाजला, पण हात नेमका कसा फिरला ते मला कळलंच नाही. आजही गिटार शिकणारी एखादी विद्यार्थिनी “इथे पिक खाली की वर?” असं विचारते तेव्हा मी सावकाश वाजवून दाखवायला जातो आणि हमखास चुकतो.