लुमिरचा मुका डाव

लुमिर झावाडिलचा गळाच कापून काढला, आता तो जन्मभर मुका राहणार, अशी बातमी सप्टेंबरात आमच्या डोब्री गावात बेकरीच्या रांगेतून निघाली आणि चर्चच्या पायरीपर्यंत पोहोचेतो तिच्यात शवपेटीही आली. खरं एवढंच होतं की त्याच्या स्वरतंतूवरची ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ काढली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सहा आठवडे एक शब्द नाही. बोललास तर आवाज कायमचा गेला. बातमी कुणी फुगवली ते विचारू नका. मी फक्त 'गळा' एवढंच म्हणालो होतो.

आवाज गेला तर लुमिरचं पोटच गेलं. तो गुरांच्या बाजारात लिलाव पुकारतो. पण त्याआधी तो अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा, चेंडू फेकणारा गडी होता, आणि सगळ्या नेब्रास्कात त्याच्या तोडीचा मी तरी पाहिला नाही. शाळेला तीन वर्षं राज्यात पहिलं आणलं, मग विद्यापीठाचा संघ गाजवला, मग सहा वर्षं मोठ्या शहरात व्यावसायिक संघाकडून खेळला. पन्नास यार्डांवरून चेंडू असा टाकायचा, की पळणाऱ्याने हात फक्त उघडे ठेवायचे. गुडघा गेला तेव्हा परत आला, माझ्या शेजारी घर घेतलं आणि कुंपणाला टेकून माझ्या गप्पा सोसायला लागला.

पण हात सगळ्यांनाच असतात. लुमिरचं खरं हत्यार गळा. क्वार्टरबॅक 'हट्' म्हणतो तेव्हा चेंडू खेळात येतो. कितव्या 'हट्'ला, ते फक्त त्याच्या गड्यांना ठाऊक. लुमिर असा काही हिसका देऊन ओरडायचा, की समोरचे आधीच उसळायचे आणि दंड म्हणून पाच यार्ड देऊन बसायचे. पलीकडच्या एल्क फोर्क गावाला तर त्याने एकाच सामन्यात नऊ वेळा असं बनवलं होतं.

आणि नेमका चौथ्या आठवड्यात एल्क फोर्कशी आमचा जुन्या खेळाडूंचा वार्षिक सामना. त्यात पाडापाडी नसते, कमरेचं फडकं ओढलं की झालं.

"जाऊ नकोस," त्याची बायको ब्लांच म्हणाली.

त्याने पाटीवर लिहिलं, 'हात शाबूत आहे.'

"हाताचं कोण बोलतंय! तिथे गेलास की तोंड उघडशील. तू प्रार्थनेतसुद्धा गप्प बसत नाहीस."

तरी गेलाच. युक्ती अशी ठरली, की लुमिरने डावा पाय उचलला की त्याच्या पुढे चेंडूवर वाकलेल्या आमच्या क्लेमेंटने चेंडू मागे द्यायचा. तसं करत करत शेवटचं मिनिट आलं. आम्ही चार गुणांनी मागे, चौथा म्हणजे अखेरचा प्रयत्न, आणि चेंडू आमच्याकडे राहायला हवे होते चार यार्ड.

एल्क फोर्कचा ढेरपोट्या रॉइस समोर वाकून उभा होता. "काय रे झावाडिल, कोंबडा मेला का? एकदा आरव ना! बाजारात गाई रडतायत तुझ्या नावानं!"

लुमिरच्या मानेच्या शिरा तटतटल्या. तोंड उघडलं. कठड्यामागून ब्लांच किंचाळली, "लुमिर, खबरदार!"

तोंड उघडंच राहिलं. पाय जमिनीवरच. एल्क फोर्कचे सगळे कान टवकारून त्या आवाजाची वाट बघत होते, आणि आवाज काही येईना. मैदानाच्या कडेला उभ्या माझ्यापासून चार हातांवर रॉइसच्या गालावरून घामाचा थेंब ओघळला. शेवटी त्याला सोसवेना. त्याने झेप घेतली, त्याच्या मागोमाग आणखी तिघांनी. शिट्टी वाजली. दंडाचे पाच यार्ड, म्हणजे आम्हाला नवे प्रयत्न!

पुढच्या डावाला लुमिरने पाय उचलला आणि चेंडू तीन डोक्यांवरून थेट सीमेपलीकडच्या आपल्या गड्याच्या हातात ठेवला. सहा गुण! जिंकलो! सगळं मैदान ओरडत होतं, फक्त जिंकवणारा गप्प. मी चेष्टेखोर माणूस, पण तेव्हा टोपी काढली.

सहा आठवडे सरले. डॉक्टरीणबाईंनी गळा तपासून परवानगी दिली, त्या दिवशी ब्लांचने कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव भाजले आणि त्याचा पहिला शब्द ऐकायला अर्धी गल्ली स्वयंपाकघरात जमली. मला कुठलं राहवतंय!

"म्हणजे लुमिर, चाळीस वर्षं उगाच बोंबललास की रे! आवाज लागतच नव्हता!"

त्याने घास गिळला, पाणी प्यायलं, घसा खाकरला. आवाज किंचित घोगरा, पण त्याचाच होता.

"हे आधी कळलं असतं," तो म्हणाला, "तर तुझ्याशीही बोललो नसतो."