मोटारीच्या चारीतली वायर

बाळांनो, रविवारचा आपला कॉल मधेच का तुटायचा, हे तुम्ही मला विचारलं होतंत. फोनवर सांगायला गेले की तुमचे आजोबा मधे बोलतात, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते.

इंटरनेटचा डबा आहे रस्त्याकडेच्या घरात, माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे. तिथून आपल्या शेतातल्या घरापर्यंत वायर आणायची होती. नेमकी तेव्हाच विहिरीच्या मोटारीची केबल टाकायला आजोबांनी रस्त्यापासून चारी खणून घेतली होती. चारी एकदा खणली की पुरायचं ते सगळं त्यातच पुरायचं, हा त्यांचा नियम. मोटारीच्या केबलचा पाइप आणि इंटरनेटच्या वायरीचा पाइप त्यांनी सुतळीनं एकमेकांना बांधले आणि वर माती ओढली.

मग रविवारी काय व्हायचं ते तुम्हाला माहीत आहे. धाकटी तिनं स्वतः लिहिलेलं मराठी वाचायला लागायची. तेवढ्यात इकडे लाईट यायची, मोटार आपोआप सुरू व्हायची, आणि तिचा चेहरा पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजायचा. एकदा तुमची आई चाचरत म्हणाली, "आई, पोरं वैतागतात हो. महिन्यातून एकदाच बोलूया का?" मी "बघू" म्हटलं, पण महिनाभर वाचायचं नाही म्हणजे तुमचं मराठी हळूहळू जाणार, हे मला दिसत होतं.

मी फोनवर शोधून वाचलं, मग उरलेला वायरीचा तुकडा घेतला आणि कात्रीनं सोलला. आत आठ बारीक रंगीत तारा, दोन-दोनच्या जोड्यांनी पिळलेल्या. तो पीळ शोभेचा नाही. शेजारच्या विजेचा खडखडाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि एकमेकांत फिटून जातो. घरातल्या घरात एवढं पुरतं. पण आपली वायर मोटारीच्या केबलला खेटून अख्खं शेत ओलांडत होती. अशा जागी कवच असलेली वायर लागते: जोड्यांभोवती चंदेरी वर्ख, कधी त्यावर तारांची जाळीही. वायरीच्या अंगावर बारीक अक्षरात तिचा प्रकार छापलेला असतो. भिंग लावून वाचलं, तर आमची होती बिनकवचाची.

"अहो, दोन्ही पाइप लांब करा. तेच सगळ्यात चांगलं," मी म्हटलं.

"भुईमूग उभा हाय तिथं. पीक उपटू व्हय मी?"

मग कवचाची वायर आणायचं ठरलं. आजोबांनी मुरूमच्या बाजारातून आणली. जुन्या वायरीच्या टोकाला नवी बांधली आणि पाइपातून ओढून घेतली. जाऊबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"भाऊजी, हिला आता वर्खाचं सोवळं नेसवलं म्हणा की."

"व्हय वैनी. आता मोटारीची शिवाशिव न्हाय."

रविवारी मोटार सुरू झाली आणि कॉल तुटला. आजोबा माझ्याकडे बघायला तयार नव्हते. मी पुन्हा फोनवर वाचत बसले आणि कळलं की नुसतं कवच घालून भागत नाही. कवचानं अडवलेल्या विजेला जमिनीत उतरायला वाट लागते. आमच्या वायरीला प्लास्टिकचे प्लग होते, त्यामुळे कवच अधांतरीच. पत्र्याचे प्लग लावून घेतले आणि कवचाचं एक टोक जाऊबाईंच्या घराच्या अर्थिंगला जोडून घेतलं. तरी कॉल अडखळायचाच. त्यांच्या परसातला अर्थिंगचा खड्डा बघायला गेले, तर ओल धरायला त्यात भरलेलं कोळसा-मीठ कधीचं कोरडं ठणठणीत, माती भेगाळलेली. कोरडी माती वीज पोटात घेत नाही.

"जाऊबाई, इथं रोज पाणी घालावं लागेल."

"लई बाई तू! हितं लिंबाला पाणी न्हाय, अन् वायरीला घालू?"

"नातवंडांचा कॉल तुटतोय."

दुसऱ्या दिवशी गेले तर त्यांनी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी खड्ड्यावर ओतलं होतं. भांडी विसळलेलं पाणीही तिकडेच वळवायला बारीक पन्हळ काढली होती. मला बघून म्हणाल्या, "जेवली बघ तुझी वायर."

त्या रविवारी धाकटी शाळेतल्या सशाबद्दल वाचत होती. लाईट आली. आजोबांनी माझा हात धरला. विहिरीकडून मोटारीची घरघर सुरू झाली आणि ससा पडद्यावर वाचला जातच राहिला, गवत खाऊन पिंजऱ्यातसुद्धा गेला. मग धाकटी थांबली आणि कान देऊन म्हणाली, "आजी, हा आवाज कसला येतोय?"

तेव्हा लक्षात आलं की एवढ्या रविवारांत हा आवाज तुमच्यापर्यंत एकदाही पोचला नव्हता. तो यायच्या आत तुम्ही जायचात.

"मोटार हाय गं ती आपली," आजोबा माझ्या हातातून फोन घेत म्हणाले. "भुईमुगाला पाणी चाललंय. थांब, ऐकवतो." आणि फोन खिडकीबाहेर धरून उभे राहिले, तुम्ही दोघं "आजोबा, तुम्ही दिसत नाही" म्हणून ओरडत असतानाही.