आधी माझ्या अंगावर

घरात नवी वस्तू आली की ती आधी सुभद्राआत्याने वापरायची, असा आमच्याकडे अलिखित कायदाच होता. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण, वरवंडला दिलेली. नव्या पलंगावर आधी ती झोपणार, नव्या माठातलं पहिलं पाणी ती पिणार. "आधी माझ्या अंगावर," म्हणायची. "काय वाईट असंल तर म्हातारीवर जाऊ दे. पोरं मागनं वापरतील." वडिलांनी मोटारसायकल घेतली, तेव्हा हट्टाने मागे बसली आणि पहिल्याच वळणावर पडून मनगट मोडून घेतलं. मग प्लास्टरचा हात घेऊन गावभर मिरवली. "गेलं बाई, माझ्यावर गेलं." चेहरा असा, जणू लॉटरी लागली. आम्ही पोट धरून हसलो. ती गाडी पुढे कधी पडली नाही, हेही खरं.

माझा साखरपुडा ठरला. मुलगा तळेगाव ढमढेऱ्याचा, अनिकेत, कंपनीत इंजिनिअर. अंगठीत रंगीत हिरा हवा हा माझा हट्ट होता आणि त्याने तो मानला. शिरूरच्या सराफाने मखमलीवर तीन हिरे मांडले, पिवळा, गुलाबी आणि निळा. पहिले दोन मी धड पाहिलेही नाहीत. निळा मात्र असा होता, की त्याच्यावरून नजर काढावीशीच वाटेना. आत्या बरोबर होतीच. तिने तो पाहिला आणि पदर घट्ट ओढून घेतला.

"निळं नको. निळं शनीचं."

"आजी, तो नीलम. हा हिरा आहे," सराफ म्हणाले.

"ते तुमाला आन् मला ठावं. शनीला निस्ता रंग दिसतो."

अनिकेत हसला. "आत्या, हा खाणीतलासुद्धा नाही. मशीनमध्ये बनवलाय. ह्याला कुठला आलाय शनी?"

"मानसानं केलाय व्हय? मंग तर जास्तीच बघाय पायजे."

नीलम धार्जिणा आहे की नाही हे बघायला लोक तो कापडात बांधून काही दिवस दंडाला बांधतात. स्वप्नं वाईट पडली तर खडा परत. हिऱ्याच्या बाबतीत असं कुणी करत नाही. पण सराफ वडिलांच्या ओळखीचे, त्यांनी मान डोलावली. मी बाही वर केली, तर आत्याने माझा हात खाली ढकलला. सराफाच्या पेढीवरच तिने पदराच्या टोकाची चिंधी फाडली, हिरा त्यात बांधला आणि स्वतःच्या दंडावर गाठ मारून घेतली. तसाच दंडाला बांधून न्हावऱ्याच्या रस्त्याने जीपमधून वरवंडला घेऊन गेली.

चार दिवसांनी मी फोन केला. "आत्या, झोप लागते का?"

"लागती की. झ्याक लागती."

"मग पाठव ना. अंगठी घडवायचीय."

"ऱ्हाऊ दे अजून थोडं."

असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा तिचा आवाज इतका बारीक आला, की मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. साखरपुडा तोंडावर आलेला आणि ही हिरा कवटाळून बसलेली.

अखेर हिरा आला, अंगठी झाली. साखरपुड्याला आत्या आली ती ओळखू येईना. अंग निम्मं झालेलं, दंडावर चिंधी करकचल्याचा काळा वळ. सगळ्यांना म्हणाली, ऊन लागलंय. अनिकेतने अंगठी घातल्यावर तिने माझं बोट धरलं, हिरा डोळ्यांजवळ नेला आणि खुशीत हसली.

"आता निस्ती काच हाय ही. घाल बिनघोर."

त्याच आठवड्यात ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं जुनंच होतं, अंगावर काढलं. असेल. पण माती सावडून आल्यावर तिची सून लता मला मागच्या दारी घेऊन गेली.

"पहिल्याच राती आई वरडत उठल्या," ती म्हणाली. "रोज तेच. सपनात काय दिसायचं ते सांगंनात. मी म्हनलं, हिरा परत करा. तर म्हनल्या, पोरीचा जीव जडलाय त्याच्यावर. जे हाय ते माझ्यावरच संपू दे, मंग दिऊ."

स्वप्नं वाईट पडली तर खडा परत करायचा, हा रिवाज. आत्याने तो मोडला, कारण मला तो निळा हवा होता.

अनिकेत म्हणतो, भीती मनात असली की स्वप्नं पडणारच, आणि हृदय आधीच दुबळं. मी हो म्हणते. माझा शनीवर विश्वास नाही. अंगठी रोज बोटात असते, संसार नीट चाललाय. फक्त कधीतरी मध्येच हिऱ्याकडे लक्ष जातं आणि मनात येतं, आत्याला पुरतं संपवता आलं असेल ना.

परवा धाकट्या बहिणीने फोटो पाठवला. तिचंही जमलंय. काळ्या मखमलीवर एकच हिरा, गडद निळा. खाली लिहिलेलं, "ताई, हाच घ्यायचा ठरवलाय. कसा आहे?"

मी फोटो मोठा करून पाहिला. मग लिहिलं, "छान आहे. तू हात लावू नकोस. आधी माझ्याकडे पाठव."