ऑगस्टमधली खंडेनवमी

आमच्या घरात नारळ मी फोडत नाही. गेली कित्येक वर्षं ते काम माझी बायको कुसुम करते. कोणी कारण विचारलं की मी उजवं मनगट चोळून दाखवतो.

मनगटाला काहीही झालेलं नाही.

खरं कारण सांगायचं मी आजवर टाळत आलो. पण आता सत्तरी ओलांडलीय, आणि मेल्यावर लोकांनी 'बिचाऱ्याचं मनगट!' म्हणून हळहळावं हे काही बरोबर नाही.

मी सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होतो. खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची आणि नारळ फोडायचा मान माझा! लेथच्या लोखंडी कडेवर एकच घाव, की दोन भकलं सरळ! पाणी मशीनवरून ओघळायचं, आम्ही ते चिंधीने पुसायचो, आणि दसरा उलटला की लेथ पुन्हा घरघरायला लागायचं. नारळाच्या पाण्याने मशीन बिघडू शकतं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

आमची मुलगी जयू, म्हणजे जयश्री, तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजात ऑगस्टमध्ये नव्या मुलांच्या स्वागताचा आठवडा होणार होता. शेवटच्या दिवशी फ्रेशर्स पार्टी, तीत गाणंबजावणं, आणि त्यात जयू गाणार!

"बाबा, फक्त दोनच गाणी."

"कोणाबरोबर?"

"आमचा बँड आहे. विलास गिटार वाजवतो."

"कोण विलास?"

"नामपूरचा आहे. घरी कांद्याची शेती आहे."

मी जरा निवळलो. (ज्याच्या घरी कांदा पिकतो तो अगदीच वाया गेलेला नसतो, असं माझं मत होतं.) तरी बापपणाला जागून अट घातलीच. "मी स्वतः येणार. आणि तिथे काही गडबड झाली, तर गाणं त्या दिवसापासून बंद. कायमचं!"

जयूने मान हलवली. पुढे महिनाभर आमच्या बाथरूममधून ती दोन गाणी एवढ्या वेळा ऐकू आली, की सिडकोतल्या आमच्या शेजाऱ्यांची मुलं पाढे त्याच चालीवर म्हणायला लागली.

निघताना कुसुम म्हणाली, "अहो, पोरीचा जीव अडकलाय त्यात. तिथे मुकाट बसा."

"मुकाट बसायला मी काय पाहुणा आहे?" मी म्हणालो आणि पिशवीत हळद-कुंकवाची पुडी टाकली. शेजारी एक नारळ आणि दारची जास्वंद.

हॉलमध्ये एक उंच, काटकुळा मुलगा धावत येऊन पाया पडला. हाच विलास. माझ्या डोळ्यांतलं कुतूहल पाहून त्याने स्टेजच्या कडेची काळी लोखंडी पेटी दाखवली. "हा अँप्लिफायर, काका. कार्यक्रमाचा सगळा जीव याच्यातच शे!" नामपूरकडची बोली मधूनच अशी डोकावायची. मग मुलं चहाला गेली, आणि मी आणि ते यंत्र असे दोघंच उरलो.

मला गलबलून आलं. पोरीचा पहिला कार्यक्रम, आणि यंत्राची पूजा नाही? मी पेटीला हळदकुंकू लावलं. गिटारच्या तारांत जास्वंद खोचली. कीबोर्डच्या पांढऱ्या पट्ट्यांवर एकेक ठिपका दिला (काळ्यांवर कुंकू उठून दिसेना). राहिला नारळ. खाली चकचकीत फरशी, शिपाई ओरडला असता. पेटीची कड मात्र अगदी आमच्या लेथसारखी! सवयीने हात वर गेला. एकच घाव!

पेटीला वरून रुंद फटींची जाळी होती. तिने सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मला वाटलं, देवाने गोड मानून घेतलं! शेंडीकडचा एक तुकडा कुठेतरी उडाला, तो काही सापडला नाही. बाकीचा नारळ मी पिशवीत टाकला, आणि परतलेल्या मुलांना वाटलं, पूजा कॉलेजनेच केली.

पहिला आला बासरीवाला. त्याने फुंकर मारली आणि स्पीकरमधून घाटात अडकलेला ट्रॅक्टर निघाला! मुलांना वाटलं, नवीन प्रकार असेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तबलावाला. त्याच्या दर थापेला पेटी उचकी द्यायची. तीही बरोबर समेवर! पुन्हा टाळ्या.

आणि मग जयू.

पहिली ओळ तिने अशी घेतली की मी श्वास घ्यायचा विसरलो. ही बाथरूममधली मुलगी नव्हतीच! दुसऱ्या ओळीला पेटीने किंकाळी फोडली आणि जाळीतून धूर आला. मुलं खुर्च्यांवर चढली. "वन्स मोअर!" त्यांना वाटलं, धूर कार्यक्रमातलाच आहे. पाठोपाठ हॉलभर वास पसरला. भाजक्या खोबऱ्याचा! शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "नंतर जेवण दिसतंय."

कार्यक्रम बघणारे कॉलेजचे सर तरातरा स्टेजवर आले. "कोणी हात लावला याला?"

जयूने माझ्याकडे पाहिलं. तिला बिचारीला फक्त माझी अट आठवत होती. आणि मी काय केलं? मी उभा राहिलो आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणालो, "आजकालच्या पोरांना यंत्राची कदरच नाही!"

विलासने प्लग काढला, झाकण उघडलं, आत डोकावला. काहीतरी उचलून खिशात घातलं. मग एकदा माझ्याकडे पाहिलं.

"सर, माझी चूक. वायर मी उलटी जोडली. जयश्रीचा काही संबंध नाही."

त्याला वर्षभर स्टेजबंदी झाली. जयूने गाणं माईकशिवाय पुरं केलं, आणि मागच्या रांगेतल्यांनी ते श्वास रोखून ऐकलं. घरी येताना मी तिला मोठ्या मनाने म्हणालो, "तुझी चूक नव्हती. गात राहा." माझं औदार्य बघा!

ती गात राहिली. विलास दर वर्षी आमच्याकडे कांदे आणून द्यायचा. त्याला खरं सांगायला मी प्रत्येक वेळी घसा खाकरायचो, आणि प्रत्येक वेळी कुसुम आल्याचा काढा घेऊन यायची.

काही वर्षांनी विलासने नामपुरात साउंडचं दुकान काढलं. उद्घाटनाला आम्हाला बोलावलं, आणि गर्दीसमोर माझ्या हातात नारळ दिला!

"नको रे, माझं मनगट..."

"काका, तुम्हना हात शुभ शे!"

मी नारळ घेऊन पायऱ्या उतरलो, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या पंक्चरवाल्याच्या दगडावर तो फोडला. लोक चकित झाले. विलास मात्र पोट धरून हसत होता. त्याने मला दुकानातल्या देव्हाऱ्याजवळ नेलं. गणपतीशेजारी नारळाची एक करपलेली शेंडी ठेवली होती.

"पेटीत सापडली, काका. खोबरं आम्ही हॉस्टेलवर खाल्लं. मस्त भाजलं होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुमची अट जयूने सांगितली होती. तिचं गाणं बंद झालं असतं ना."

मी 'माफ कर' म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याने त्यात खोबऱ्याचा भलामोठा तुकडा घातला. "प्रसाद घ्या!" माझी कवळी नवीन होती. परतीच्या वाटेवर सटाणा मागे पडेपर्यंत मला तोंड उघडता आलं नाही.

आता त्याचा अधूनमधून फोन येतो. मी मनाची तयारी करतो, घसा खाकरतो. तेवढ्यात तो अगदी गंभीरपणे विचारतो, "काका, मनगट कसंय?"

आणि मी म्हणतो, "अजून दुखतं रे थोडं."