मिलिसावनं खुराक तोडला

उझित्सेच्या डोंगरातला मिलिसाव लग्नांचे व्हिडिओ काढायचा, आणि बिटरेटच्या बाबतीत सासूपेक्षा खडूस. बिटरेट म्हणजे चित्राला दर सेकंदाला द्यायचा खुराक. तो तोडला की फाइल हलकी होते, पण चित्रात चौकोन पडतात. "उपाशी चित्र माझ्या घरातून बाहेर जाणार नाही!" असं तो ऐटीत सांगायचा. त्याच्या फाइली एवढ्या जड, की लोकांचे टीव्ही धापा टाकायचे. पण हा बाबा हटेल तर शपथ.

मग आलं रातको आणि यागोदाचं लग्न. नवरीच्या दारात उंच काठीवर सफरचंद टांगलेलं. तिकडची रीतच अशी, की ते नवऱ्यानं गोळीनं पाडल्याशिवाय नवरी मिळत नाही. रातको गोळ्या झाडतोय, सफरचंद मजेत झुलतंय. वऱ्हाडाच्या पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा कुठं ते एकदाचं फुटलं. काय तो जल्लोष! रातकोला खांद्यावर घेऊन नाचले लेकाचे.

घरी संगणकावर ते चित्रण बघताना मिलिसावला कोपऱ्यात माडीची खिडकी दिसली. खिडकीत नवरीची पांढरी ओढणी, तिच्या बापाची बंदूक आणि धूर. सफरचंद फुटलं त्या क्षणी रातको तर मान खाली घालून गोळ्या भरत होता!

"अगं बाई, पोरीनंच पाडलं की!" मिलिसावची बायको रुझित्सा हसून लोळली. मग एकदम उठून बसली. "अहो, रविवारी सगळ्या गावासमोर दाखवणार आहेत. पोराला जन्मभर चिडवतील हो."

मिलिसावनं कपाळ धरलं. तेवढाच तुकडा खराब केला तर संशय येणार. म्हणजे आख्खं लग्नच उपाशी ठेवायचं! त्यानं डोळे मिटून बिटरेट तळाला नेला. पोटच्या पोरापुढचं ताट ओढल्यासारखं वाईट वाटलं त्याला.

रविवारी पडद्यावर सफरचंदाचे चार लाल चौकोन झाले. खिडकीत नुसता पांढरा ठोकळा.

"मिलिसाव, हे सफरचंद की टोमॅटो रे?" कुणीतरी ओरडलं. "म्हातारा झालास, डोळे तपासून घे!"

सगळे खदखदून हसले. रातको छाती काढून बसलेला. मिलिसाव मात्र राकिया दारूचे घोट गिळत राहिला.

बाहेर यागोदानं त्याला गाठलं.

"काका, खिडकीत ते पांढरं काय होतं हो?"

"पडदा असेल, पोरी."

"माझ्या नवऱ्यासाठी स्वतःचं हसं करून घेतलंत ना?" तिचे डोळे भरून आले. मग इकडंतिकडं बघत तिनं आवाज खाली आणला. "चांगली प्रत आहे ना? जपून ठेवा. त्यानं कधी फार मिजास केलीच, तर त्याला एकट्याला दाखवीन."

"ठेवलीय की," मिलिसाव ताठ झाला. "भरपेट खुराक घालून! चापावरचं तुझं बोटसुद्धा दिसतं."